चार दिवसांचं जुनं गाणं

आमच्या कॉलनीत दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता जुन्या गाण्यांचं मंडळ बसतं. जुळे सोलापुरात निवृत्त माणसांची वस्ती वाढल्यापासून अशी मंडळं गल्लोगल्ली झाली आहेत. कुणी योगासनं करतं, कुणी गोल उभं राहून हसतं, आम्ही गातो. गणपतीच्या देवळामागं पत्र्याची शेड आहे. तिथं वीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी, एक ब्लूटूथचा स्पीकर आणि चहाचा मोठा थर्मास एवढा आमचा संसार. तबलाही आहे, पण तो वाजवणारे काका मुलाकडं पुण्याला गेल्यापासून त्यावर थर्मास ठेवतात.

मी काही अजून निवृत्त नाही. त्रेपन्न वर्षांची आहे, एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि मंडळातली सगळ्यात लहान सभासद आहे. लहान म्हणून खुर्च्या लावायचं काम माझ्याकडं असतं. मला थोडी पेटी वाजवता येते, म्हणून त्यांनी मला घेतलं, असं माझं आपलं समाधान.

मंडळाचा नियम एकच आहे, गाणं जुनं पाहिजे. आणि ते जुनं आहे की नाही हे अध्यक्ष ठरवतात. अध्यक्ष म्हणजे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर. सगळे त्यांना सर म्हणतात. गाणं संपलं की सर डोळे मिटून "हं" म्हणतात, तेव्हा ते पास. "पुढचं" म्हणाले की नापास. गाणाऱ्यानं सूर सोडला, अर्धे शब्द खाल्ले, तरी त्यांची हरकत नसते. वयात मात्र सवलत मिळत नाही.

माझ्या नोकरीत जुनं ठरवणं सोपं असतं. एखादं पुस्तक दहा वर्षांत कुणी घरी नेलं नाही की ते जुनं, त्याची रवानगी मागच्या खोलीत. गाण्याचं उलटं आहे. जे लोक पुन्हा पुन्हा मागतात त्याला जुनं म्हणतात, आणि ज्याला कुणीच विचारत नाही ते नुसतं हरवतं. हा फरक मला मंडळात जाईपर्यंत कळला नव्हता, आणि कळला तोही जरा नाक कापून घेऊनच.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक गाणं म्हटलं. दुसऱ्या वर्षाला असताना गॅदरिंगमध्ये त्यावर आम्ही पाचजणी नाचलो होतो. तालमीसाठी एकच कॅसेट होती आणि ती इतक्यांदा मागंपुढं फिरवली होती, की दुसऱ्या कडव्यात एके ठिकाणी आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा. अजूनही ते गाणं म्हणताना मी तिथं आपोआप आवाज बारीक करते. त्या दिवशीही केला. गाणं संपलं, दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या, मी सरांकडं पाहिलं. सर डोळे उघडे ठेवून बसले होते.

"वहिनी, गाणं चांगलं आहे," ते म्हणाले. "पण हे आत्ताचं आहे."

मी म्हटलं, सर, या गाण्याला पस्तीस वर्षं झाली. त्यावर त्यांनी मान हलवली. हे गाणं आलं तेव्हा ते मुख्याध्यापक झालेले होते, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी स्वतः त्यावर बंदी घातली होती.

"मी ज्याच्यावर बंदी घातली ते गाणं जुनं कसं होईल?" सर शांतपणे म्हणाले. "पुढचं."

मी पेटीवर बसले आणि पुढच्या गाण्याला मुद्दाम एक पट्टी वर साथ दिली. एवढाच सूड घेता आला.

घरी आल्यावर मी हे सगळं लेकीला सांगितलं. ती एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगला आहे. मला वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. तिनं गाण्याचं नाव ऐकलं आणि हसायलाच लागली. त्यांच्या कॉलेजात म्हणे एक दिवस जुन्या काळाचा पोशाख करून यायचा असतो. मुली आयांच्या साड्या नेसतात, मुलं बोहारणीकडं गेलेले वाटावेत असे शर्ट घालतात, आणि त्या दिवशी दिवसभर हीच असली गाणी लावतात. माझं गाणं त्यात पहिल्या नंबरावर होतं. त्याच्यानंतर लगेच सरांच्या काळातलं एक वाजवलं होतं. तिच्या दृष्टीनं मी आणि सर एकाच वर्गात.

मग मी तिला विचारलं, तुझं जुनं गाणं कुठलं? तिनं फोनवर एक लावलं. ती सातवीत असताना शाळेच्या सहलीच्या बसमध्ये ते वाजायचं. ऐकता ऐकता तिचे डोळे खरोखर भरून आले. मला ते गाणं परवाचं वाटत होतं, पण मी गप्प बसले. सर माझ्याशी जसे वागले तसं मी तिच्याशी वागणार होते, हे अगदी ओठावर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

हे सगळं झालं रविवारी. पुढच्या गुरुवारी लेक मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली होती. पायरीवर बसून दोघी दोघी एकेक इअरबड कानात घालून काहीतरी ऐकत होत्या, आणि उठताना तिचा एक पायरीवरच राहिला. परत जाऊन पाहिलं तर नव्हता. ती जोडी तिच्या वडिलांनी तिला वाढदिवसाला घेऊन दिली होती. घरी आल्यावर ती दुसरा एकटा इअरबड कानात घालून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं घरभर फिरत होती. मला तिनं जवळ येऊन हळूच सांगितलं. आता बाबांना कसं सांगू, हा प्रश्न होता.

मी पेटी पुसायला म्हणून काढली होती. तिचा चेहरा बघून मला चेष्टा सुचली. सूर धरला आणि म्हटलं,

"इअरबड राहिला पायरीवरती, सांगू कसे मी घरी;
एकच कान वाजत आहे, दुसरा मुकाच परी."

ती आधी चिडली, मग हसली, मग म्हणाली, "आई, परत म्हण." मी परत म्हटलं. चाल आपोआप आली होती, कुठं शोधावी लागली नाही, आणि चांगली लागली होती. मला माझाच जरा अभिमान वाटला. तिनं सहज म्हटलं, की इअरबडच्या ऐवजी पैंजण टाकून बघ.

"पैंजण राहिले पायरीवरती, सांगू कसे मी घरी;
एकच पाऊल वाजत आले, दुसरे मुकेच परी."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. एक वस्तू बदलली आणि गाणं साठ वर्षांनी म्हातारं झालं होतं. ते आता रविवारी मंडळात लावायचं, हे कुणी आधी म्हटलं ते मला आठवत नाही. ती म्हणते मी. मी म्हणते ती.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही त्याच उद्योगात होतो. कडवी दोन रचली. तळं, वारा, सासूबाई, देवळातली घंटा असं जे जे जुन्या गाण्यात असतं ते सगळं थोडं थोडं घातलं. ध्वनिमुद्रण झालं लेकीच्या खोलीत. आवाज घुमू नये म्हणून खिडकीवर आणि कपाटावर सोलापुरी चादरी टाकल्या. बाहेर बेचाळीस अंश, पंखा बंद, आणि आत आम्ही दोघी चादरींच्या तंबूत घामानं निथळत विरहाचं गाणं म्हणत होतो. गायली ती, पेटी माझी. तिला मी नाकातून गायला सांगितलं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी जरा रडवेलं व्हायला सांगितलं. मग तिनं फोनवर आवाज चिमटीत धरल्यासारखा बारीक केला.

राहिली ती तबकडीची खरखर. तशी खरखर फोनवर आयती मिळत होती, पण लेकीला ती पटेना. फार एकसारखी आहे, कुणीतरी ओळखेल, असं तिचं म्हणणं. ती विचार करत स्वयंपाकघरात आली तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. तिनं मला हातानंच थांबवलं, फोन कढईजवळ धरला आणि म्हणाली, "आणखी मोहरी टाक." त्या दिवशी वरणात इतकी मोहरी होती, की नवरा म्हणाला, आज लोणच्याचं वरण केलंस का? पण खरखर झकास मिळाली. ऐकलं असतं तर कुणीही शपथेवर सांगितलं असतं, की सुई झिजलेली आहे.

रविवारी मी मंडळात जाहीर केलं, की बार्शीच्या मामांच्या घरी ट्रंकेत एक जुनी तबकडी सापडली, मामेभावानं ती कुणाकडून तरी फोनवर उतरवून घेतली. तबकडीवरचा कागद उडालेला आहे, त्यामुळं गाणं कुणाचं ते कळत नाही. एवढं खोटं मी एका दमात बोलले. लेक मजा बघायला मुद्दाम आली होती आणि शेवटच्या रांगेत बसली होती.

स्पीकरवर आधी फोडणी वाजली. मग माझी पेटी. मग ती नाकातली लेक. चहा ओतणाऱ्या काकू ओतायच्या थांबल्या. सरांनी डोळे मिटले. गाणं संपलं तरी ते उघडले नाहीत.

"हं," सर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा संपल्यावर सरांनी डोळे उघडले आणि सांगितलं, की हे त्यांनी ऐकलेलं आहे. लहानपणी. आता मला आत कुठंतरी गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या, पण मी तोंड सरळ ठेवून विचारलं, कुठं ऐकलं होतं सर? ते आठवत बसले तेवढ्यात दुसरे एक काका बोलले. हे श्रीपूरच्या साखर कारखान्यात नोकरीला होते. त्यांचं म्हणणं, हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवायचे तेव्हा कर्ण्यावर हेच गाणं असायचं. "लई वाजायचं," ते म्हणाले, "ऊसतोडीच्या गाड्या आल्या की हेच." मग मोडनिंबचं माहेर असलेल्या एक काकू म्हणाल्या, त्यांची आत्या हळदीला हे म्हणायची. आत्यानं एकदा त्यांना या गाण्यावरून थोबाडीत मारली होती, कारण सासूचं कडवं त्यांनी आजीसमोर म्हटलं होतं. ते सासूचं कडवं मी शनिवारी दुपारी साडेतीन वाजता लिहिलं होतं.

मी लेकीकडं पाहिलं. तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता.

सर तोवर पुढं गेले होते. ही गायिका त्यांच्या लक्षात आली होती, नाव तेवढं ओठावर येत नव्हतं. फार कमी तबकड्या निघाल्या तिच्या, दोन किंवा तीन. बिचारी तरुणपणीच गेली. असा आवाज आता होणे नाही, आताच्या मुलींना गळाच नाही. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. एका काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला. त्यावर मागच्या रांगेत मोठा ठसका लागला आणि ती तरुणपणीच गेलेली गायिका खोकत खोकत शेडबाहेर पळाली. मी म्हटलं, उन्हाचा त्रास होतोय तिला.

इथवर सगळं आमच्या मनासारखं झालं होतं. चहा फिरला. आता खरं सांगून टाकावं की आणखी एक रविवार ताणावं, असा मी विचार करत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"ही चाल आमची हाय."

बोलणाऱ्या होत्या अव्वा. त्या ऐंशीच्या पुढच्या. पूर्वी शहराच्या पूर्व भागात राहायच्या, विणकरांच्या घरातल्या, घरची भाषा तेलुगू. आता आमच्या कॉलनीत लेकीकडं असतात. आजी या अर्थानं सगळे त्यांना अव्वाच म्हणतात. दोन वर्षं त्या मंडळात येत होत्या, पण कधी गायल्या नाहीत की कुठल्या गाण्याला हात वर केला नाही. यायच्या, चहा घ्यायच्या, संपलं की आपली पिशवी उचलून जायच्या. आम्हाला वाटायचं, आमची गाणी त्यांना फार कळत नसतील.

सर म्हणाले, म्हणा की मग. अव्वांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि सुरू केलं. तेलुगूत. मला एक शब्द कळला नाही. पण चाल माझी होती. पहिली ओळ तीच, दुसरी तीच. फरक फक्त दुसऱ्या ओळीच्या शेवटी. तिथं मी लवकर खाली उतरले होते, आणि अव्वा वर जाऊन, एक गिरकी घेऊन, सावकाश उतरत होत्या. त्यांचं बरोबर होतं. ऐकल्याबरोबर कळलं, की ती ओळ तशीच असायला पाहिजे आणि मी ती अर्धवट आठवली होती.

आठवली होती, हेच खरं. माझं बालपण पूर्व भागात भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. वडील शाळेत कारकून होते. आमची मागची भिंत एका हातमागाच्या खोलीला लागून होती. दिवसभर मागाचा खटखट आवाज यायचा, आणि दुपारी बायका सुताच्या कांड्या भरताना गायच्या. त्या भिंतीला पाठ लावून मी शाळेचा अभ्यास केला, तापात झोपले, रुसून बसले. गाण्यांकडं मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आई म्हणायची, दार लावून घे, गलका येतोय. चाल आपोआप आली, शोधावी लागली नाही, याचा मला गुरुवारी जो अभिमान वाटला होता, तो त्या खुर्चीत बसल्या बसल्या उतरला.

सर मात्र खुश झाले. त्यांना आणखी एक पुरावा मिळाला होता. हे मराठी गाणं त्या काळात इतकं गाजलं होतं, की तेलुगूतसुद्धा त्याची नक्कल झाली, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. अव्वांनी ते ऐकून घेतलं.

"असंल की," त्या म्हणाल्या, आणि चहा प्यायल्या.

दोन दिवस मला झोप लागेना असं म्हणणार नाही, झोप लागली. पण करमेना. लेकीला तर उत्साह आला होता, तिला त्या गायिकेचा एक जुना फोटोही तयार करायचा होता. मी तिला थांबवलं आणि मंगळवारी संध्याकाळी सरांच्या घरी गेले. ते व्हरांड्यात कलिंगड खात बसले होते. मी बसले, आणि सगळं सांगितलं. तबकडी नाही, ट्रंक नाही, गाणं मी हरवलेल्या इअरबडवरून केलं, गायली माझी लेक, खोटं बोलले, माफ करा.

सरांनी बी थुंकून ताटलीत ठेवली. "इअरबड म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कानात घालतात, त्याला वायर नसते, म्हणून हरवतो. मला वाटलं, आता चिडतील, मंडळातून काढतील, आणि ते योग्यच होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "माणसाला मोठेपणा घ्यावासा वाटतो. मी समजू शकतो. पण दुसऱ्याच्या गाण्यावर घेऊ नये."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. तुम्ही पेटी चांगली वाजवता, त्यांनी मला समजावलं, पण असं गाणं करणं हे काही आत्ताच्या माणसाचं काम नाही. त्या काळात शब्दाला वजन होतं. 'दुसरे मुकेच परी' हे आज कोण लिहील? मी म्हटलं, मीच लिहिलं सर. त्यांनी माझ्याकडं वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलीकडं बघावं तसं पाहिलं, आणि कलिंगडाची एक फोड पुढं केली. मी ती खाल्ली. दुसरं काय करणार होते?

फाटकापर्यंत सोडायला त्यांच्या पत्नी आल्या. त्या मंडळात येत नाहीत, पण सरांनी ते गाणं माझ्याकडून फोनवर मागवून घेतलं होतं आणि घरी दोन दिवस लावत होते. त्या म्हणाल्या, काल सर सांगत होते, की लहानपणी हे गाणं ऐकू नये म्हणून त्यांच्या वडिलांनी ग्रामोफोनची पिन लपवून ठेवली होती. फार वाईट वाटलं होतं म्हणे तेव्हा.

"आमच्या सासऱ्यांकडं ग्रामोफोन कधीच नव्हता," त्या म्हणाल्या. मग फाटकाची कडी लावता लावता त्यांनी विचारलं, "सुरुवातीला ती मोहरीच ना हो? मला वाटलंच. थोडं तेल जास्त तापलं होतं तुमचं."

मी हो म्हटलं. सरांना सांगू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, कशाला? त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचा राग आलाय, येऊ दे. वडील होते तेव्हा कधी जमलं नाही त्यांना.

आता ते गाणं मंडळात दर रविवारी होतं, सुरुवातीलाच. श्रीपूरचे काका हातानं कर्णा दाखवत त्यात सूर मिसळतात. मोडनिंबच्या काकूंनी त्यात आत्याचं म्हणून एक तिसरं कडवं आणलंय, आणि ते माझ्या दोन्ही कडव्यांपेक्षा चांगलं आहे. ते त्यांनी केलं की आत्यानं, हे मी विचारलेलं नाही. विचारायचा मला काय अधिकार?

पण अव्वांचं गाणं मला पुरतं हवं होतं. म्हणून एका दुपारी मी त्यांच्याकडं गेले. त्यांची लेक शाळेत शिक्षिका आहे, ती यायची होती. अव्वा मागच्या ओट्यावर चटणीसाठी शेंगा सोलत होत्या. मीही सोलायला बसले आणि गाणं शिकवा म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं. नातीला कितींदा म्हटलं शिक, तर ती कानात काहीतरी घालून बसते, अशी त्यांची तक्रार होती. मी माझ्या लेकीचा विषय काढला नाही.

त्यांनी एकेक ओळ म्हणायची, मी मागून म्हणायची, असं सुरू झालं. मला शब्द नीट येईनात. त्या हसून पुन्हा म्हणायच्या. चार ओळी झाल्यावर मी विचारलं, अव्वा, हे विरहाचं आहे ना? चालीवरून तर मला डोळ्यांत पाणी येतंय.

"कसला विरह," अव्वा म्हणाल्या. "जावयाचं गाणं हाय."

मग त्यांनी अर्थ सांगितला. सणाला जावई आलाय. भात वाढला, भात संपवला. आमटी वाढली, आमटी संपवली. पापड, लोणचं, शेजारणीकडून आणलेलं दही, सगळं संपलं. आता सासू दाराआड उभी राहून बघतेय आणि जावई रिकाम्या भांड्याकडं बघतोय. ती जी गिरकी मला इतकी आवडली होती, वर जाऊन सावकाश खाली येणारी, ती जावयाची ढेकर होती.

मी शेंगा सोलायच्या विसरले. पण मुद्द्याचं विचारायचं राहिलं होतं. हे गाणं किती जुनं असेल? अव्वांनी हात झटकले. जुनं कुठलं, त्या म्हणाल्या. त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या तेव्हा तिकडून तेलंगणातून एक नाटकवाली मंडळी आली होती, त्यांच्या खेळातलं हे. पोरींनी ते उचललं आणि कांड्या भरताना म्हणायला लागल्या. अव्वांच्या आईला ते अजिबात आवडायचं नाही. हे काय नवं खूळ, म्हणून तिनं अव्वांचा कान पिळला होता. गाणी म्हणायची तर तिच्या आजीनं म्हटलेली म्हणा, असं तिचं म्हणणं.

"मग ती आजीची गाणी शिकवा की," मी म्हटलं.

"ती कुणाला येतात?" अव्वा म्हणाल्या. "लई रटाळ होती. आमी तवा कान देऊन ऐकलीच न्हाईत."

हे सांगताना त्यांना वाईट वाटत असेल असं मला उगाच वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या पुढची ओळ सांगायला लागल्या. त्या ओळीत जावयाला तेलुगूत जे म्हणतात तो 'अल्लुडु' शब्द होता आणि तो मला काही केल्या बरोबर येईना. मी एकदा म्हटला, दोनदा म्हटला, तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हटला. अव्वांनी शेंगांचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि मान मागं वळवून दाराकडं पाहिलं.

"हळू म्हण बाई," त्या कुजबुजल्या. "आत जेवायलेत."

त्यांचा जावई टॉवेलच्या कारखान्यात व्यवस्थापक आहे, दुपारी जेवायला घरी येतो, हे मला माहीत नव्हतं. अव्वांना माहीत होतं. गाणं सुरू करायच्या आधीपासून माहीत होतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. आतून ताटावर वाटी सरकवल्याचा आवाज आला, आणि शेंगाची चटणी आहे का आणखी, असं कुणीतरी तेलुगूत विचारलं असावं, कारण अव्वांनी सोललेल्या शेंगांचं ताट माझ्याकडं सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. जाता जाता ती गिरकी गुणगुणत होत्या.